ऐकू न येणे आणि न ऐकणे

‘ऐकू येत नाही’ आणि ‘ऐकत नाही’ ह्या दोन वाक्यांत मराठीने केवळ एका ‘येणे’चे अंतर ठेवले आहे. आमच्या घरच्या कोंकणीतही तसेच आहे. ‘आयकूंक येना’ आणि ‘आयकना’. पहिल्यात कानाची अवस्था सांगितली आहे, दुसऱ्यात स्वभावाचा दोष. हे अंतर कागदावर स्पष्ट दिसते. घरात, देवळात आणि कचेरीत मात्र ते फार लवकर पुसले जाते. म्हाताऱ्या माणसाने तिसऱ्यांदा ‘काय?’ म्हटले की बोलणाऱ्याच्या स्वरात जो त्रासिकपणा येतो तो दुबळ्या इंद्रियाविषयीचा नसतो, हट्टी माणसाविषयीचा असतो. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला कोणी ‘तू मुद्दाम पाहत नाहीस’ असे म्हणत नाही. कानाने मंद झालेल्याला मात्र ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते हो!’ हे वाक्य आयुष्यभर ऐकावे लागते. आणि नेमके तेच त्याला स्पष्ट ऐकू येते.

भाषेचा इतिहास पाहिला तर ह्यात नवल नाही. कानउघाडणी करणे, कानामागे टाकणे, कानाडोळा करणे, कानांवर हात ठेवणे, हलक्या कानाचा असणे, कान भरणे, कान फुंकणे, ह्या साऱ्या वाक्प्रचारांत कान हा मनाचा द्वारपाल आहे आणि द्वारपालाच्या वागण्याला घरधनी जबाबदार आहे. धर्मविचारातही श्रवणाला पहिले आसन आहे. वेदाला आपण श्रुती म्हणतो. नवविधा भक्तीची मोजणी श्रवणापासून सुरू होते आणि तिचा आदर्श म्हणून परीक्षितीचे नाव घेतले जाते. कानाला एवढे मोठे पद दिल्यावर ज्याचा कान उणा झाला त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी नितळ राहणे अवघडच होते. आमच्या नाटकांनी आणि चित्रपटांनी ही दृष्टी सुधारली की बिघडवली, हा प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत. तो आम्हांस का पडला हे पुढे ओघाने येईलच.

आमच्या लहानपणी गावच्या देवळाच्या जत्रेत जी नाटके होत, ती पौराणिक असोत वा सामाजिक, त्यांत मध्यंतरानंतर एक बहिरा हटकून अवतरत असे. मूळ संहितेत तो नसला तरी एखादा हौशी नट त्याला आत घुसवी, आणि मंडळीही ते चालवून घेत. कारण मंडप हमखास हसवणारे असे दुसरे पात्र नव्हते. नायकाने लग्नाचे विचारावे, ह्याने म्हशीचे सांगावे. त्याने कर्जाची आठवण द्यावी, ह्याने जेवणाचे आमंत्रण समजून आभार मानावेत. आम्हीही पोट धरून हसलो आहोत. त्या हसण्याबद्दल आज गळा काढण्याचे कारण नाही. विनोदाची घडण मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. प्रेक्षकाला प्रश्नही ऐकू आलेला असतो आणि उत्तरही. बहिऱ्याला फक्त स्वतःचे उत्तर ऐकू येते. म्हणजे प्रेक्षक उंच माडीवर बसला आहे आणि खाली अंगणात एक माणूस भिंतीवर आपटतो आहे. नाटककार प्रेक्षकाला माडीवरून खाली कधीच उतरवीत नाही. हा विनोद क्रूर आहे असे आम्ही म्हणत नाही, तो आळशी आहे असे म्हणतो. त्यात बहिऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे ह्याचा पत्ताच नसतो. म्हैसच का आठवली? जेवणच का आठवले? नाटककाराला हवे होते म्हणून.

ह्याच्याशी दक्षिणेतील चार बहिऱ्यांची जुनी गोष्ट ताडून पाहावी. आबे द्युबोआ ह्या फ्रेंच मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिकडच्या कथांबरोबर ती टिपून ठेवली. एक बहिरा धनगर दुपारी जेवायला घरी जाताना गवत कापणाऱ्या माणसाला मेंढरांकडे लक्ष ठेवायला सांगतो, तोही बहिरा. परत आल्यावर मेंढरे पुरी भरली म्हणून धनगर खूश होऊन त्याला एक लंगडे मेंढरू बक्षीस देऊ करतो. गवतवाल्याला वाटते, मेंढराची तंगडी मोडल्याचा आळ आपल्यावर येतो आहे. तो भांडू लागतो. दोघे एका घोडेस्वाराला न्यायनिवाडा करायला थांबवतात. तोही बहिरा, आणि घोडा त्याचा नाही. त्याला वाटते, हे घोड्याचे मालक आहेत, आणि तो आपणहून कबुली देऊन मोकळा होतो. शेवटी वाटेने एक बहिरा ब्राह्मण येतो. तो बायकोशी भांडून घर सोडून निघालेला. त्याला वाटते, हे तिघेही आपल्याला घरी परत नेण्यासाठी तिनेच धाडले आहेत.

ह्या गोष्टीतही आपण हसतो, आणि जत्रेतल्यापेक्षा जास्त हसतो. परंतु येथे प्रत्येकाच्या चुकीला त्याच्या मनातला आधार आहे. न ऐकलेली जागा गवतवाला आळाच्या धास्तीने भरतो, घोडेस्वार अपराधाच्या जाणिवेने, ब्राह्मण घरच्या कलहाने. आम्ही वकिली करतो म्हणून सांगतो, ज्यांचे कान शाबूत आहेत असे साक्षीदारही ह्याच पद्धतीने ऐकतात. कमी ऐकू येणाऱ्याच्या मनाचा व्यापार ह्याहून नेमका क्वचितच कोणी दाखवला असेल. अर्धे वाक्य कानात शिरते. उरलेले अर्धे मन रचते. आणि मन ते बहुधा भीतीने रचते. घरात दोन माणसे हळू बोलू लागली की म्हाताऱ्याला वाटते, आपल्याविषयीच बोलणे चालले आहे. त्याला संशयी म्हणणारांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

हे सारे आता केवळ रसिकतेचे विषय राहिलेले नाहीत. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचोली’ ह्या चित्रपटाविरुद्धच्या एका अपिलात अपंगांच्या चित्रणाविषयी तपशिलाने विचार केला. न्यायालयाने चित्रपटाच्या प्रमाणपत्राला हात लावला नाही. परंतु माणसाला त्याच्या व्यंगावरून खाली ओढणारा विनोद आणि व्यंगाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद असा भेद केला. भेद योग्य आहे. फक्त तो ओळखायचा कसा, ह्याबद्दल आमची एक साधी, घरगुती कसोटी आहे : लेखकाने प्रेक्षकाला कोठे बसवले आहे, बहिऱ्याच्या समोर की बहिऱ्याच्या शेजारी?

ह्या कसोटीवर गुलजार ह्यांचा १९७२ सालचा ‘कोशिश’ पाहावा असे आम्ही ठरवले. त्यामागे थोडा गावाभिमान होता हे लपवीत नाही. त्याचे नायक संजीवकुमार हे सुरतेचे, हरिहर जरीवाला. ९ जुलै १९३८ रोजी ह्याच गावात जन्मलेले. आडनावातच गावचा धंदा आहे. पालच्या बाजूला त्यांच्या नावाचे मोठे नाट्यगृह उभे आहे आणि आम्ही तेथे पुष्कळदा गुजराती नाटकांना जातो. ‘कोशिश’साठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा आणि गुलजार ह्यांना उत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कल्पना मुळात झेन्झो मात्सुयामा ह्यांच्या १९६१ सालच्या जपानी चित्रपटाची. ती आपल्या मातीत कितपत रुजली, एवढेच आम्हांस पाहायचे होते.

पाहताना शेजारी आमचे वडील होते. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही कान जड झालेले. कर्णयंत्र आहे, पण ते बहुधा औषधांच्या खणात कापसात गुंडाळून ठेवलेले असते. एरवी घरी चित्रपट लागला की दर दोन मिनिटांनी त्यांचा प्रश्न येतो, ‘कितें म्हळें ताणें?’ आम्ही सांगतो. सांगेपर्यंत पुढचे दोन संवाद निघून जातात, मग त्यांचे कोण सांगणार? काही वेळाने ते विचारायचे थांबतात. घरच्यांना वाटते, रमले. ते रमलेले नसतात, त्यांनी नाद सोडलेला असतो. हा फरक ओळखायला आम्हांस काही वर्षे लागली.

‘कोशिश’च्या वेळी पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्यांनी एकदाही विचारले नाही. हरिचरण आणि आरती, संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघेही जन्मापासून मूकबधिर. जे बोलायचे ते हातांनी आणि चेहऱ्यांनी बोलतात. त्या घरात त्या रात्री चित्रपट सर्वांत चांगला कळत होता तो आमच्या वडिलांना. बोलके पात्र पडद्यावर आले की मात्र ते आमच्याकडे वळत. ओम शिवपुरी ह्यांनी केलेला आंधळा नारायण हे पात्र गुलजार ह्यांनी मोठ्या विचाराने घातले आहे. ज्याला दिसत नाही आणि ज्याला ऐकू येत नाही अशा दोन माणसांची मैत्री कशी व्हावी, हा पेच त्यांनी स्पर्शाने सोडवला आहे. परंतु नारायण बोलतो तोंडाने, आणि त्याच्या प्रवेशांत वडील एकटे पडले.

चित्रपटातील दोन प्रसंग आमच्या कसोटीला पूर्ण उतरतात. पहिला, तान्हे मूल रात्री रडते, आईबापांना ते कळत नाही, आणि मूल हातचे जाते. दुसरा त्याहून मोठा आहे. दुसरे मूल झाल्यावर बाप त्याच्या कानाशी खुळखुळा हलवून पाहतो. मूल मान वळवीत नाही. दोघे घाबरून डॉक्टरांकडे धावतात. डॉक्टर मूल तपासतात आणि मग खुळखुळा हातात घेतात. त्यातून आवाजच येत नसतो. मूल ठणठणीत आहे. ज्यांना खुळखुळ्याचा आवाज कधी ऐकूच आला नाही त्यांना तो मुका आहे हे कळणार कसे? ह्या एका प्रसंगात बहिरेपणाची सारी दैनंदिन अडचण आली आहे. ऐकू न येणाऱ्याला जग शांत आहे एवढेच कळते. शांतता कोणाच्या दोषाने आहे हे कळत नाही. दाराची घंटा बिघडली की आपला कान? फोन वाजला नाही की आपण ऐकला नाही? वडिलांनी तो प्रसंग आम्हांस पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला, आणि काही न बोलता उठून पाणी प्यायले.

उत्तरार्ध मात्र आम्हांस मानवत नाही. मुलगा मोठा होतो. बापाच्या मालकाची मुलगीही मूकबधिर. तिच्याशी लग्न करायला मुलगा नकार देतो, बापाला संताप येतो, अखेर मुलगा कबूल होतो. बापाचा संताप समजण्यासारखा आहे; मुलाच्या नकारात त्याला स्वतःच्या बायकोचा नकार दिसतो. संजीवकुमारांनी तो संताप हातांच्या बोटांपर्यंत आणला आहे, आणि तोही तिशीच्या मध्यावर असताना म्हाताऱ्याच्या वेषात. परंतु ह्या सगळ्या वादात त्या मुलीला कोणी काही विचारले का? ऐकू न येणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला चित्रपट, आणि त्यातील एका ऐकू न येणाऱ्या मुलीचे मत ऐकण्याची गरज कोणाला भासत नाही. ती उपकाराची वस्तू होते. आपल्या कलेत बहिरा माणूस विदूषक नसला की संत होतो, आणि संताभोवती उपकारांची आरास मांडावी लागते. संजय लीला भन्साळींच्या १९९६ च्या ‘खामोशी’तही तेच. गोव्याच्या पार्श्वभूमीवरचे जोसेफ आणि फ्लेव्ही, नाना पाटेकर आणि सीमा विश्वास, पहिल्या तासात हाडामासाची माणसे आहेत. नानांचा चिडका, दारिद्र्याने गांजलेला, मुलीच्या गाण्यावर रुसणारा बाप तर आम्हांस ‘कोशिश’च्या नायकापेक्षाही खरा वाटला, कारण तो चांगला नाही. पुढे अपघात, प्रार्थना आणि अश्रू त्याला गिळून टाकतात.

पण मूळ उणीव ह्याहून वेगळी आहे. विदूषक असो की संत, आमच्या कलेतील बहिरा हा पुरता बहिरा असतो, आणि बहुधा जन्माचा. जगात मात्र बहुतेकांचा बहिरेपणा तसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने जगात सुमारे दीडशे कोटी माणसांच्या श्रवणात काही ना काही उणेपणा मानला आहे, आणि त्यांतील ४३ कोटींना उपचाराची किंवा साहाय्याची गरज आहे असे म्हटले आहे. ह्यांतील फार मोठा भाग हळूहळू, वयाने किंवा आवाजाने कान गमावणाऱ्यांचा आहे. त्यांना ऐकू येते, समजत नाही. ह्या माणसाला आमच्या साहित्यात जवळजवळ घरच नाही.

तो माणूस कसा घडतो, हे शरीरशास्त्रात आहे आणि ते रंगभूमीलाही उपयोगी पडावे. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एकदा नष्ट झालेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. नळीच्या दारापाशी असलेल्या, उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी जातात. भाषेत स्वर खालच्या पट्टीचे आणि बळकट. स, श, त, थ, फ ही व्यंजने उंच आणि दुबळी. म्हणून आवाज कानात येतो आणि शब्द येत नाही. शिवाय उरलेल्या पेशींना मोठा आवाज एकदम फार मोठा वाटतो. ‘मोठ्याने बोल’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला?’, हा जो विसंगत म्हातारा आपण नाटकांत पाहून हसतो, तो विसंगत नाही. त्याच्या कानाचे वर्णन तो अचूक करीत असतो. नाटककाराने निरीक्षण बरोबर केले, कारण शोधले नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचले ते उशिरा. त्याआधी ते आमच्यावर येऊन गेले. दोन वर्षांपूर्वी एका भाडेकरूच्या दाव्यात साक्षीदाराने थकबाकीचा आकडा साठ हजार सांगितला आणि आम्ही उलटतपासणीत पंधरा मिनिटे आठ हजारांवर वाद घातला. सुरतेच्या कचेरीत काम गुजरातीत चालते. पण आठ आणि साठ हे गुजराती, मराठी, हिंदी आणि कोंकणी चारही भाषांत आठ आणि साठच, आणि दोहोंमधला ‘स’ तेवढा आमच्या कानाने गिळला. न्यायाधीशांनी सौम्यपणे चूक दाखवली. मागच्या बाकावर हशा पिकला. तो हशा आमच्या ओळखीचा होता. जत्रेच्या मंडपात आम्ही स्वतः तो पुष्कळ केला होता. पक्षकाराचे नुकसान झाले नाही. आम्ही मात्र सर्दीचे कारण सांगितले, आणि पुढे वर्षभर सांगत राहिलो. बेथोव्हेनने १८०२ साली भावांच्या नावे लिहून ठेवलेल्या आणि कधीच न पाठवलेल्या पत्रात, आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना सांगता येत नाही म्हणून आपण माणसे टाळतो अशी कबुली आहे. त्या थोर माणसाशी आमचे साम्य एवढ्या भित्रेपणापुरतेच.

शेवटी तपासणी करून घेतली. कागदावरच्या आलेखात रेघ डावीकडून सपाट येऊन उजवीकडे घसरते. डाव्या कानाची घसरण जास्त. घरी आणून ती वडिलांच्या जुन्या आलेखाशेजारी ठेवली तेव्हा दोन्ही उतार एकाच डोंगराचे दिसले. त्यांचा फक्त बराच खाली उतरलेला. वर्षानुवर्षे आम्ही त्यांना ‘अहो, ऐकत का नाही तुम्ही?’ असे म्हणत आलो होतो.

सुरतेत राहून आवाजाविषयी लिहायचे आणि यंत्रमागांविषयी लिहायचे नाही, हे शक्य नाही. उधना आणि लिंबायतकडच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मागांवर आहेत. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा घातली. मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो आणि बारा तासांची पाळी येथे नवलाची नाही. डेसिबलची मोजणी साधी नसते. दहाने आकडा वाढला की ध्वनीची शक्ती दसपट होते. आमच्याकडे आलेल्या एका निवृत्त मागवाल्याशी बोलताना आम्हांस वाटले, हा माणूस आपल्याकडे फार आदराने पाहतो आहे. तो आमचे ओठ वाचत होता. शेडमध्ये सगळे तसेच बोलतात, म्हणाला. आवाज काढण्याचा उपयोग नसतो. इंग्लंडातील लँकशायरच्या गिरण्यांत अशीच ओठांची आणि हातवाऱ्यांची बोली तयार झाली होती, आणि पुढे तिथल्या विनोदी नटांनी ती रंगमंचावर नेऊन लोकांना हसवले. तो विनोद मात्र शेडच्या आतून आलेला होता. आमच्या खानदेशी मागवाल्याची बोली अजून कोणी रंगमंचावर आणलेली आम्ही पाहिलेली नाही. अहिराणीची लय आणि ओठांचा खेळ ह्यांत एका चांगल्या एकांकिकेची सामग्री पडून आहे.

कायद्याचे लक्षही फार काळ पुऱ्या बहिऱ्याकडेच राहिले. मनुस्मृतीने जन्मबधिराला वारशातून वगळले आणि पोटगीचा हक्क ठेवला. मिताक्षरेच्या क्षेत्रात १९२८ च्या कायद्याने ही आडकाठी दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने व्यंगावरून वारसा नाकारणे संपवले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने संपूर्ण बहिरेपण ही शंभर टक्के हानी मानली होती. गोंगाटाने येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पुष्कळ नंतर आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रथमच ‘बधिर’ आणि ‘कमी ऐकू येणारा’ अशा दोन पायऱ्या केल्या, हे पाऊल चांगले. पण खालची पायरी दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या हानीपासून सुरू होते. आमच्या वडिलांची हानी पंचावन्नच्या आसपास आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना ऐकू येते. रेघ कोठेतरी ओढावीच लागते हे आम्हांस मान्य आहे. परंतु रेघेच्या अलीकडच्या माणसांसाठी कायद्याकडे शब्द नसेल तर तो साहित्याकडे हवा.

बाहेर तो शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. डेव्हिड लॉज ह्या इंग्रज कादंबरीकाराने २००८ साली, स्वतःचे कान गेल्यावर, ‘डेफ सेन्टेन्स’ ही कादंबरी लिहिली. शीर्षकात इंग्रजीतील ‘देहदंड’ ह्या शब्दावर श्लेष आहे. आरंभीच तिचा नायक, एक निवृत्त भाषाशास्त्रज्ञ, गर्दीच्या समारंभात एका तरुणीचे बोलणे न ऐकताच मान डोलावतो आणि त्या होकाराचे लचांड पुस्तकभर त्याच्या मागे लागते. वकिलाला ह्याची गंमत अधिक कळते. १८७२ च्या करार कायद्यात दोन माणसे एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करतात तेव्हा संमती होते. कमी ऐकू येणारा दिवसातून वीस वेळा अशा संमत्या देतो ज्यांत गोष्ट एक नसते आणि अर्थही एक नसतो. लॉजही हसवतो, पण वाचक नायकाच्या कानाआड बसून हसतो. २०१९ चा ‘साउंड ऑफ मेटल’ हा दारियस मार्डर ह्यांचा चित्रपट तर प्रेक्षकालाच बहिरा करतो. ढोलकऱ्याचे कान जातात तेव्हा आवाज कमी होत नाहीत, मळतात. शस्त्रक्रियेने यंत्र बसवल्यावर परत आलेले जग पत्र्यासारखे वाजते. कर्णयंत्र खणात का पडून राहते हे ज्या घरात कळत नसेल त्यांनी तेवढा भाग पाहावा. वडील सांगत असत, ‘ह्यात तुझ्यापेक्षा चमचा मोठ्याने बोलतो.’ आम्ही ते कारण काढणे समजत होतो.

मराठी नाटककाराला ह्यासाठी महागडी यंत्रे नकोत. दिवाणखान्यातील एक प्रवेश दोनदा करावा. पहिल्यांदा संपूर्ण संवादांसह, दुसऱ्यांदा तेच संवाद स, श, त, फ गाळून. प्रेक्षक आपोआप माडीवरून अंगणात येईल, आणि हसायचे थांबणार नाही असेही आम्हांस वाटते.

देवळाच्या वाचकांना एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या सभामंडपात कीर्तन असले की वडील मागच्या खांबाला टेकून बसतात. दगडी मंडपात शब्द घुमतो. घुमलेला शब्द चांगल्या कानाला मधुर आणि उण्या कानाला चिखल. त्यात कीर्तनकारामागे झगझगीत दिवा असला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. यंदा आम्ही व्यवस्थापकांना सांगून दिवा कीर्तनकाराच्या समोर आणवला आणि वडिलांना पुढच्या सतरंजीवर बसवले. आख्यान किती कळले हे त्यांनी सांगितले नाही. मृदंगाच्या वादकाच्या हातांकडे पाहत ते मांडीवर ठेका धरून होते, आणि तो एकदाही चुकला नाही.

येत्या रविवारी संजीवकुमार नाट्यगृहात एक गुजराती प्रहसन आहे. त्यात एक बहिरा मामा आहे असे कळते. आम्ही दोघांची तिकिटे काढली आहेत. पहिल्या रांगेत, अगदी डाव्या टोकाची, म्हणजे आमचा उजवा कान रंगमंचाकडे राहील.